कृपया फोन ठेवा

सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन-तीन माणसं तरी मैनाताईंना उद्धट म्हणून जायची, आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. करखात्याच्या फोनवर बसायचं तर कातडी जाडच हवी. तिथे कौतुक करायला कोणी फोन केल्याचं आजवर ऐकिवात नाही. माणूस आधीच वैतागलेला असतो, त्यात ताटकळलेला असतो, आणि समोरून 'नमस्कार, काय मदत करू' असा गोड आवाज आला की त्याचं डोकं जास्तच फिरतं. परवाच एक गृहस्थ म्हणाले, "आधी फोन ठेवायला लावता आणि वर विचारता काय मदत करू?" मैनाताई म्हणाल्या, "चुकलं आमचं, बोला." रागावलेला माणूस काय वाटेल ते बोलतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं आणि त्यांचा अनुभव दांडगा होता. म्हणून त्यांनी ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

मैना हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते आवाजामुळे पडलेलं. खात्यात फोनचं नवं यंत्र आलं तेव्हा त्यात आवाज कोणाचा भरायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. वायरमनने त्यांच्यापुढे माईक धरला, त्यांनी वाक्य म्हटलं: "आपण रांगेत आहात. कृपया फोन धरून ठेवा." तेव्हापासून गावातला करदाता ना करदाता दिवसभर त्यांचंच ऐकत होता. घरी मात्र त्यांचं ऐकायला आता कोणी उरलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. धाकटा भाऊ होता गावातच, पण त्याचा त्याचा संसार होता, किल्ल्या बनवायचं दुकान होतं.

एकट्या बाईचं जेवण कसं असतं, ते जरा सांगायला हवं. सकाळचा चहा ओट्यापाशी उभ्याने. रात्री पातेल्यातलं पातेल्यातच, तेही ओट्यापाशी, उभ्याने. एकटीसाठी ताट कशाला घ्या आणि घासा कशाला, असं मैनाताई स्वतःलाच सांगायच्या. दिवसातून एकदाच त्या बसून जेवायच्या, आणि ते ऑफिसात.

फोन विभागाची पद्धतच होती तशी. दुपारी अर्धा तास फोन बंद ठेवायचे आणि सगळ्यांनी मागच्या खिडकीपाशी लांब टेबलाभोवती बसायचं. खिडकीकडची खुर्ची मैनाताईंची. समोर चष्मेकाका. हे विभागातले सर्वांत जुने कारकून, आणि त्यांचा डबा नेहमी सर्वांत लहान असायचा, कारण 'जरा चव बघतो' म्हणत ते सगळं टेबल फिरून यायचे. मैनाताईंच्या शेजारी नवी. नवीला विभागात येऊन एवढी वर्षं झाली होती की तिचा मुलगा शाळेत जायला लागला, पण तिच्यानंतर कोणाची भरतीच झाली नाही, म्हणून ती अजून नवीच होती. एकमेकांच्या डब्यातलं उचलायचं, एकमेकांच्या सुनांची, जावयांची, घरमालकांची उणीदुणी काढायची, कोणाला सर्दी असली तर सगळ्यांनी मिळून औषधं सांगायची. बस, एवढंच. पण त्या अर्ध्या तासासाठी मैनाताई सकाळी चवीने भाजी करायच्या, कारण ती आणखी कोणीतरी खाणार असायचं.

आता साहेबांकडे वळू. विभागाचे साहेब नवे होते. वाईट नव्हते हो, उगाच कशाला बोला. जरा मान वर करून चालायचे, कोणाशी फारसं बोलायचे नाहीत, केबिनमध्ये एकटेच जेवायचे. पण त्यांना एक नाद होता, माऊथ ऑर्गनचा. आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं की ताटकळणाऱ्या माणसाला फोनवर नुसती टुकटुक ऐकू येते. त्यांना वाईट वाटलं. माणसाला निदान काहीतरी गोड ऐकू यावं म्हणून एका शनिवारी, ऑफिस सुटल्यावर, त्यांनी वायरमनला थांबवून घेतलं आणि स्वतः वाजवलेली एक चाल यंत्रात भरून दिली. सोमवारी सगळ्यांना बोलावून नुसती चाल ऐकवलीसुद्धा. चष्मेकाकांनी डोळे मिटून मान डोलावली. नवी म्हणाली, "किती शांत वाटतं हो साहेब." साहेब लाजले. त्याआधी त्यांना कोणी लाजताना पाहिलं नव्हतं.

आणि त्यानंतर, कशाने कोण जाणे, फोनची रांग वाढायला लागली. आधी लोक थोडे ताटकळायचे, आता मरणाचे ताटकळू लागले. वरच्या ऑफिसातून साहेबांना विचारणा झाली. वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं आली. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. एके दिवशी ते खोलीच्या मध्यभागी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू. रांग कमी झाली तर उत्तम. नाही झाली तर पुढच्या महिन्यापासून जेवणाच्या वेळेत फोन चालू राहतील. आपापल्या टेबलावर, पाळीपाळीने जेवायचं."

साहेबांचं तसं चुकत होतं असंही नाही. बाहेर माणसं खोळंबलेली आणि आत हे लोक लोणच्याची फोड वाटून घेतायत, हे काही बरं दिसत नाही. मैनाताईंनाही ते पटत होतं. पण त्या दिवशी त्या काही जेवल्या नाहीत, डबा तसाच पुढे सरकवला. चष्मेकाकांनी त्यांच्या डब्यातली बटाट्याची भाजी जवळजवळ सगळी संपवली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"ताई, एवढं काय मनाला लावून घेता?" नवी म्हणाली. "पाळीपाळीने तर पाळीपाळीने. मी तुमच्याच पाळीत बसेन."

"टेबलावर बसून, कानाला फोन लावलेल्या माणसांच्या मध्ये?" मैनाताई म्हणाल्या. "मग घरी ओट्यापाशी जेवते ते काय वाईट आहे?"

त्या हे असं कधी बोलत नसत. नवीने मुकाट्याने आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं अर्धं करून त्यांच्यापुढे सरकवलं.

मग सगळे जिवाच्या आकांताने कामाला लागले. चष्मेकाकांनी फोनवर लोकांच्या तब्येतीची चौकशी करणं सोडलं. नवीने उत्तरं इतकी भरभर द्यायला सुरुवात केली की लोक म्हणायचे, बाई, जरा दम घ्या. पण रांग जैसे थे. आणि एक विचित्रच प्रकार चालू होता. घंटी वाजायची, उचलावं तर पलीकडे कोणी नाही. हॅलो, हॅलो करत बसायचं, ठेवायचं, पुन्हा घंटी, पुन्हा कोणी नाही. या मुक्या फोनांमध्येच निम्मा वेळ जायचा. चष्मेकाकांचं मत पडलं की गावातल्या पोरांना सुट्ट्या लागल्यात आणि ती खोड्या काढतायत. सुट्ट्या लागल्या नव्हत्या. पण काकांचं मत पडलं की ते उचलायला कोणी जात नसे.

रविवारी मैनाताई भावाचं नवं दुकान बघायला गेल्या. जुन्या जागेचा मालक जागा पाडणार होता, म्हणून भावाने चौकापलीकडे दुकान हलवलं होतं. जागा छान होती, उजेडाची. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. पण भाऊ काही नीट बोलेना. स्टूल पुढे केलं, चहा मागवला, आणि किल्ली घासत बसला. लहानपणापासून त्याचं असंच होतं. रुसला की हाताला काम लावून घ्यायचा.

"काय झालं ते एकदा बोलून टाक," मैनाताई म्हणाल्या. "मला संध्याकाळच्या आत घरी जायचंय."

"काही नाही."

"बायकोशी भांडलास?"

"तुझ्याशी भांडलोय," भाऊ म्हणाला. "तुझ्या ऑफिसला फोन लावला मी. दुकानाचा पत्ता बदलायचा होता. म्हटलं, ताईला घरी कशाला त्रास द्या, सरळ रांगेत उभं राहू चार लोकांसारखं. तर तू मला सांगतेस फोन ठेवा."

"मी कधी सांगितलं?"

"तूच. तुझाच आवाज. आपण रांगेत आहात, कृपया फोन ठेवा. म्हटलं, ठीक आहे, ताई सांगतेय तर काहीतरी कारण असेल. ठेवला. दुसऱ्या दिवशी केला, पुन्हा तेच. ठेवला. चार दिवस मी फोन करतोय आणि चार दिवस तू मला ठेवायला सांगतेस. आणि कसं सांगतेस, तर अगदी गोड."

"अरे गाढवा, धरून ठेवा म्हणते मी. फोन धरून ठेवा."

"धरून नाही म्हणत."

"मी म्हटलंय ना, मला माहीत नाही?"

"तू म्हटलं असशील. मला ऐकू येतं ते सांगतोय. कृपया फोन, मग तो बाजा जोरात पीं करतो, आणि मग ठेवा."

'आधी फोन ठेवायला लावता' म्हणणारे ते परवाचे गृहस्थ मैनाताईंना आठवले. मग त्यांच्यासारखे आणखी कितीतरी आठवले. ही सगळी माणसं रागाच्या भरात नव्हे, अगदी शब्दशः खरं बोलत होती. चहा तसाच राहिला.

सोमवारी त्यांनी एक असं काम केलं जे त्या ऑफिसात आजवर कोणाला सुचलं नव्हतं. जिन्यात उभं राहून त्यांनी आपल्याच ऑफिसला फोन लावला. खरंच, स्वतःच्या ऑफिसला फोन कोण कशाला लावेल? कानात माऊथ ऑर्गन सुरू झाला. मग त्यांचाच आवाज आला, आदबशीर, मधाळ: "आपण रांगेत आहात. कृपया फोन..." आणि नेमका तिथे साहेबांच्या चालीतला तो लांबलचक, वरचा सूर आला. त्याच्या पलीकडून त्यांचा आवाज म्हणाला, "ठेवा."

आधी त्यांना घाम फुटला. मग हसू फुटलं. जिन्यात एकट्याच तोंडाला पदर लावून हसत होत्या. सगळ्या गावाला आपण इतके महिने गोड आवाजात हाकलत होतो. निमूट माणसं बिचारी फोन ठेवून पुन्हा रांगेच्या शेवटी जात होती. यंत्र मात्र त्यांची जुनी जागा तशीच पुढे ढकलत होतं, आणि तिची पाळी आली की विभागात मुकी घंटी वाजत होती. खट माणसं ठेवत नव्हती, ती रागावून थांबत होती. म्हणजे गेले काही महिने खात्याच्या वाट्याला फक्त खट माणसं आली होती.

त्यांनी नवीला आणि वायरमनला जिन्यातच गाठलं. वायरमनने कानाला फोन लावला आणि डोक्याला हात. "साहेबांनी चाल दिली, मी ती तुमच्या आवाजावर चढवली," तो म्हणाला. "मला काय माहीत सूर कुठे येतो? काढून टाकतो चाल. पण साहेबांना सांगावं लागेल."

साहेबांना जाऊन सांगायचं, की साहेब, रांग तुमच्या बाजामुळे वाढली. वरच्या ऑफिसातून बोलणी तुम्ही खाल्लीत, ती तुमच्याच बाजामुळे. नवी म्हणाली, "मी नाही जाणार बाई. किती लाजले होते ते त्या दिवशी."

मैनाताईंनाही तेच आठवत होतं. केबिनमध्ये एकट्याने डबा खाणारा माणूस कसा असतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्याच्याकडे एक बाजा आहे, तोही काढून घ्यायचा? त्यांच्याच्याने ते होईना.

"चाल राहू दे," त्या म्हणाल्या. "मीच पुन्हा बोलते. आणि हे आपल्या तिघांतच." शेवटचं त्यांनी वायरमनकडे बघून म्हटलं, कारण वायरमनच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

मग त्या चाल ऐकत बसल्या. सुरापासून सुरापर्यंत कुठेच जागा नव्हती. फक्त एका ठिकाणी साहेब श्वास घ्यायला थांबले होते. साहेबांचा दम मोठा नव्हता, नशीब म्हणायचं, पण श्वासही लांब नव्हता. त्या फटीत 'आपण रांगेत आहात' एवढंसुद्धा मावेना. 'कृपया' तर सोडूनच द्या. जे काय म्हणायचं ते दोन-तीन शब्दांत आटपायला हवं होतं. मैनाताईंनी घरी ओट्यापाशी उभं राहून नाना वाक्यं म्हणून पाहिली. शेवटी दाराची घंटी वाजली, शेजारीण वाडगा परत करायला आली होती, आणि आतून त्या सवयीने म्हणाल्या, "थांबा हं, आलेच." वाक्य तोंडातून निघालं आणि त्या जागच्या जागी थबकल्या. शेजारीण बाहेर उभी होती. ती थांबली होती. गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. म्हणाल्या, "साहेब, फोनवर माझे शब्द जरा गिळल्यासारखे वाटतात. पुन्हा बोलावं म्हणते. वाक्यही छोटं करावं म्हणते."

वाक्य ऐकून साहेब म्हणाले, "'आलेच' कसं चालेल? सरकारी खात्याने 'आलेच' म्हणायचं? आणि हा 'हं' कशाला?"

"साहेब, 'आपला क्रमांक येताच आपणांशी संपर्क साधण्यात येईल' असं म्हणेपर्यंत खरोखरच संपर्क होऊन जाईल."

साहेब हसले. हसताना ते बरे दिसायचे. "म्हणा," ते म्हणाले, "पण 'हं' जरा हळू."

मैनाताईंनी 'हं' मुळीच हळू म्हटला नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, कारण जे झालं ते सरळच झालं. मुके फोन आटले. घंटी वाजली की पलीकडे माणूस असायचा, आणि तोही कमी चिडलेला. ठेवून पुन्हा लावणारे उरले नाहीत, तशी रांग उतरत गेली. चष्मेकाकांनी हळूहळू पुन्हा तब्येतीच्या चौकशा सुरू केल्या. एक म्हातारे गृहस्थ तर मैनाताईंना म्हणाले, "आलेच म्हणालात आणि खरंच आलात की हो. आमच्या घरी असं कोणी येत नाही." भावाने फोन केला, त्याचा पत्ता बदलून झाला. शेवटी म्हणाला, "ताई, आता ठेवू का?" "आता ठेव," मैनाताई म्हणाल्या.

पण साहेब जेवणाच्या सुट्टीबद्दल चकार शब्द काढत नव्हते. विचारायची कोणाची हिंमत नव्हती. रांग कमी झाली, हे खरं. पण साहेबांना हवी तेवढी कमी झाली का, ते त्यांनाच ठाऊक. आणि साहेब लोकांचं काही सांगता येत नाही. रांग कमी झाली, मग दुपारीही फोन चालू ठेवू म्हणजे आणखी कमी होईल, असंही म्हणतील. महिना संपत आला तशी मैनाताईंची भूक पुन्हा गेली.

शेवटच्या दिवशी, सुट्टी होण्याच्या जरा आधी, त्यांना एका आजीबाईंचा फोन आला. पेन्शनवर कर बसतो का, एवढंच विचारायचं होतं. त्यांच्या एवढ्याशा पेन्शनवर बसत नव्हता. पण आजीबाईंना आधी नवऱ्याचं सांगायचं होतं, मग गुडघ्याचं, मग मांजराचं. घंटा झाली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. टेबलाकडून डब्यांच्या झाकणांचे आवाज आले. मैनाताईंना वाटलं, कदाचित शेवटचं जेवण, आणि तेही चाललं. पण आजीबाईंना मध्येच तोडणं त्यांना जमेना. आजीबाईंनाही बहुतेक दिवसातून एकदाच कोणीतरी ऐकणारं मिळत असावं. मांजराला बरं वाटेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग फोन ठेवला, डबा उचलला आणि मागे गेल्या.

टेबल भरलं होतं. इतकं भरलेलं कधी नसे, आणि तितकं गप्पही कधी नसे. टेबलाच्या टोकाला साहेब बसले होते. त्यांच्यापुढे एक छोटा डबा होता, आणि त्यातली चव चष्मेकाकांनी बघून झाली होती असं दिसत होतं. बाकी कोणी सुरुवात केली नव्हती. नवी मान खाली घालून आपल्या डब्याकडे बघत होती. वायरमन, ज्याचं या टेबलाशी काही काम नव्हतं, तोही कोपऱ्यात उभा होता आणि खिडकीबाहेर बघत होता. त्याने त्यांच्याकडे बघायचं इतकं टाळलं की मैनाताई काय ते समजल्या. या माणसाच्या पोटात खरंच काही राहत नाही.

त्यांची खिडकीकडची खुर्ची रिकामी होती. पण तिच्यावर काहीतरी होतं. बसमध्ये जागेवर रुमाल टाकतात ना, तसा साहेबांनी तिच्यावर आपला माऊथ ऑर्गन ठेवला होता.

साहेब उठले, तो उचलून खिशात घातला आणि खुर्ची मागे ओढली.

"या, मैनाताई," ते म्हणाले. "जागा धरून ठेवलीय."

'धरून' त्यांनी वेगळं, सावकाश आणि मोठ्याने म्हटलं. मग नवीला हसू आवरेना, मग चष्मेकाकांना, आणि मग साहेब स्वतःच लाजून हसायला लागले.

"आणि पुढच्या महिन्यात, साहेब?" मैनाताईंनी विचारलं.

"पुढच्या महिन्यातही मी इथेच जेवेन म्हणतो," साहेब म्हणाले. "तुमची हरकत नसेल तर."

मैनाताई बसल्या. डबा उघडून तो टेबलाच्या मध्ये सरकवला, आणि त्यांना कडकडून भूक लागली.